शिडवाले आप्पा यांची हरकत

बेळगावच्या वडगाव भागात एक घर असे आहे की, तेथे प्रवेश करण्यापूर्वी मला माझे पेन दाराबाहेरच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जमा करावे लागते. चपला काढणे मी समजू शकतो, ती रीतच आहे. परंतु ज्या इसमाची समाजातील प्रतिष्ठा पेनावर उभी आहे, त्याचेच पेन काढून घेणे म्हणजे न्हाव्याला वस्तरा बाहेर ठेवून आत बोलावण्यासारखे आहे. पहिल्या भेटीत मी तशी हरकत घेतली, तेव्हा आतून आवाज आला.

"शाईचा ठिपका पडला तर तुमच्या अर्जानं धुऊन निघणार हाय व्हय? डब्यात टाका. किल्ल्या बी टाका. पट्ट्याचं बक्कल टोचतंय, पट्टा बी काढा."

मी पट्टा काढला आणि एका हाताने विजार सावरीत आत गेलो. समोर छत्तीस-अडतीस फूट लांब पांढरेशुभ्र कापड जमिनीवर पसरलेले होते, आणि त्या कापडाच्या पलीकडच्या कडेला एक मुंडके होते. मुंडक्यावर टोपी, टोपीखाली चष्मा, चष्म्याखाली पांढऱ्या मिशा. खाली काहीही नाही.

"बघत काय बसलाय," मुंडके म्हणाले, "माणूस पूर्ण हाय. खाली खड्डा हाय."

हे शंकर आप्पा. वडगावात त्यांना शिडवाले आप्पा म्हणतात. समुद्रापासून इतक्या लांब, घाटाच्या या बाजूला, जिथे पाणी म्हणजे नळाला आले की भरून ठेवायची वस्तू, तिथे हा मनुष्य नावांची शिडे शिवतो. कोणी सहलीच्या नावेसाठी, कोणी शर्यतीच्या नावेसाठी, ज्याची त्याच्या मापाने.

येथे माझी ओळख देणे उचित ठरेल. मी गेली बावीस वर्षे कचेरीच्या आवाराबाहेर कडुनिंबाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहितो. लोक मला बॉन्ड रायटर म्हणतात, मी स्वतःस अर्जलेखक म्हणवितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असून पुढील शिक्षण मी इतरांच्या अडचणींमधून पूर्ण केले आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत माझा अर्ज चालतो. 'सबब विनंती की' या शब्दांपुढे मी जो परिच्छेद लिहितो, तो वाचून डोळे पुसणारे कारकून मी स्वतः पाहिले आहेत. एकाचे डोळे आले होते असे नंतर कळले, परंतु बाकीच्यांचे तसे नव्हते.

आप्पांचे घराणे विणकरांचे. त्यांच्या वडिलांचे खड्ड्याचे माग होते. म्हणजे जमिनीत कमरेइतका खड्डा, विणकर त्यातल्या पायरीवर बसून पाय आत सोडणार, खाली पायांनी पावड्या दाबणार आणि वर हातांनी साडी विणणार. हातमागाचे दिवस उतरले तेव्हा तरुणपणी आप्पा गोव्यास गेले आणि नावांची शिडे दुरुस्त करणाऱ्या एका परदेशी म्हाताऱ्याच्या कारखान्यात लागले. तिथे त्यांनी पाहिले की शिलाई मशीन टेबलावर नसते. ते जमिनीखाली खड्ड्यात असते, म्हणजे मशीनचा माथा आणि जमीन एका पातळीत येते आणि भले मोठे कापड न लोंबता सरकत राहते.

"म्हाताऱ्यानं मला खड्डा दाखवला," आप्पा सांगतात, "आन् म्हणाला, ह्याची सवय व्हायला वरीस लागंल. मी म्हटलं, माझा जन्मच खड्ड्यात झालाय."

म्हाताऱ्याने कारखाना मिटवला तेव्हा जाताना ते मशीन आप्पांना दिले. आप्पांनी ते चोर्ला घाटाने वर आणले आणि वडिलांच्या मागाच्या खड्ड्यात बसवले. मधल्या भिंती काढून शेहेचाळीस फुटांची एक सलग खोली केली आणि जमिनीवर प्लायवूड अंथरले. तेव्हापासून बसच्या पार्सलने कापड येते आणि बसच्याच पार्सलने शीड जाते.

माझा आणि आप्पांचा संबंध आला तो परवान्यामुळे. चार वर्षांपूर्वी त्यांना धंद्याच्या परवान्याचे नूतनीकरण करावयाचे होते. फॉर्ममध्ये धंद्यांची यादी होती. तीत शीड नव्हते. कोणीतरी जवळचा शब्द म्हणून 'ताडपत्री' लिहून दिले. आप्पांनी तो कागद तिथेच परत केला आणि माझ्याकडे आले.

"ताडपत्री म्हंजे काय वो रायटर? ढिगावर टाकायची. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगूड ठेवायचा. शीड म्हंजे काय? वाऱ्याला घरात बोलवायचं. त्येला बसायला जागा करायची. दोन्ही एकच व्हय?"

मी म्हणालो, "कचेरीच्या दृष्टीने दोन्ही कापडच आहे."

"मग धोतर आन् कफन बी कापडच की. लिवा तसं."

मी तसे लिहिले नाही, परंतु अर्ज जोरकस लिहिला. तो वाचून दाखविण्यासाठी मी त्यांच्या घरी गेलो, तीच ती पट्टा काढलेली भेट. आप्पांनी डोळे मिटून सगळा अर्ज ऐकला, आणि मग म्हणाले,

"रायटर, ह्येचं पोट मागं सरकलंय."

मी नकळत श्वास आत ओढला. "कोणाचे?"

"तुमचं मदीच हाय. अर्जाचं म्हणतोय. सुरवातीला समदं सपाट. महाशय, सविनय, कृपावंत, उपरोक्त. वारं भरायला जागाच न्हाय. आन् खरं काय ते एकदम शेवटाला. जुन्या शिडाचं असं हुतंय. कापड थकलं की पोट मागं जातंय. मग नाव नुसती कलती हुती, म्होरं जात न्हाय."

शिडाचे पोट हा आप्पांच्या आयुष्याचा मुख्य विषय आहे. ते कोणालाही थांबवून समजावतात. सपाट कापडाचे पट्टे एकमेकांना सरळ जोडले तर सपाट शीड होते, ते निरुपयोगी. म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या कडेला कुठे बोटभर, कुठे केसभर बाक द्यायचा. बाकदार कडा एकमेकींना शिवल्या की सपाट कापडाला पोट येते. ते किती यावे आणि कुठे यावे, हे त्या त्या नावेवर, त्या त्या समुद्रावर आणि बसणाऱ्या माणसावर अवलंबून असते. बांबूची लांब कांबी वाकवून ते ती रेघ जमिनीवर आखतात. कांबी टाचण्यांनी टोचून झाली की जमिनीला गाल लावून, एक डोळा मिटून, रेघेकडे बघत पडून राहतात. एकदा ते असे पडलेले असताना शेजारची बाई दूध द्यायला आली आणि किंचाळून पळाली. आप्पा उठले नाहीत. तसेच पडून म्हणाले, "दूध कट्ट्यावर ठेव गं. अजून जिता हाय."

आमचा दुसरा झगडा अर्जाच्या शेवटच्या ओळीवर झाला. माझ्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी, सहीच्या वर, 'आपला आज्ञाधारक' असे शब्द असतात. तो माझा शिक्काच म्हणा.

"ह्ये खोडा," आप्पा म्हणाले.

"हा शिष्टाचार आहे, आप्पा."

"मी कुणाची आज्ञा धरलीया? बापाची न्हाय धरली. म्हाताऱ्या गोऱ्याची न्हाय धरली. वाऱ्याची बी धरत न्हाय, त्येच्यासंगं बोलणी करतोय. खोडा."

मी खोडले नाही. त्यांनी सही केली नाही. चार दिवस अर्ज माझ्या टेबलावर पडून राहिला, आणि शेवटी मी 'आपला' एवढाच शब्द ठेवून दुसरा गाळला. परवाना मिळाला. त्यावर धंद्याच्या पुढे छापून आले होते, 'इतर'. आप्पा त्यावर बेहद्द खूश झाले. त्यांनी तो परवाना दारावर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "सरकारनं मान्य केलंय. समदी एकीकडं, आन् मी इतर."

गिऱ्हाइकांशीही त्यांचे वागणे असेच. पुण्याचे एक गृहस्थ मोटारीने आले. त्यांना शर्यतीचे शीड हवे होते. नवीन, हलके, सगळ्यात वेगवान. आप्पांनी त्यांचे तळहात बघितले, मग बाहेर कट्ट्यावर बसलेल्या त्यांच्या पत्नीला विचारले, "आक्का, तुमी बी जाता व्हय नावंत?"

"जाते की," त्या म्हणाल्या, "पण हे नाव वळवतात तेव्हा मी डोळे मिटून घेते."

आप्पांनी मान हलवली. महिनाभराने त्यांनी जे शीड पाठवले ते जाड कापडाचे, वारा वाढला की आखूड करता यावे म्हणून दोऱ्यांच्या दोन रांगा लावलेले, सहलीचे शीड होते. गृहस्थांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. फोन कानापासून हातभर लांब धरूनही मला सगळे ऐकू येत होते. त्यांचे झाल्यावर आप्पा शांतपणे म्हणाले, "शर्यतीचं शीड दोन हंगामात मरतंय. बायकू डोळं मिटून बसलीया, तुमी जिंकलासा तरी दाखवणार कुणाला?" आणि फोन ठेवला.

शीड परत आले नाही. काही महिन्यांनी एक फोटो आला. त्यात त्या बाई स्वतः नावेचे सुकाणू धरून बसल्या होत्या, डोळे उघडे, केस उडालेले. आप्पांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "पोट बरं आलंय." शिडाविषयीच म्हणाले, बाई नावेत निर्धास्त बसल्याविषयी नव्हे, असे मी त्या वेळी समजलो.

आता वाचकास वाटेल की हा मनुष्य समुद्रावर वाढलेला असावा. तर तसे नाही. गोव्यात वर्षे काढूनही आप्पा आजवर एकाही नावेत बसलेले नाहीत. मी कारण विचारले.

"बायकांच्या पोलक्यांचा शिंपी पोलकं घालून बघतो काय?"



त्यांच्या आणखी दोन गोष्टी मी त्या दिवसांत टिपून ठेवल्या होत्या, जरी त्यांचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. एक म्हणजे धागे. प्रत्येक शिडाच्या पुढच्या कडेजवळ ते तीन वीतभर धागे सोडतात. वारा शिडावरून नीट वाहत असेल तर ते धागे सरळ मागे उडतात, बिघडला की फडफडतात, आणि नाव हाकणारा त्यांच्याकडे बघून दोरी ओढतो किंवा सोडतो. बाकीचे कारागीर म्हणे लोकरीचे धागे लावतात. आप्पांचे धागे हिरव्या रेशमाचे असत. कुठून आणता, म्हणून विचारले तर म्हणत, "हाय घरात."

दुसरी गोष्ट म्हणजे फळी. मशीनच्या खड्ड्यासमोर, पंधरा-सोळा फुटांवर, खोलीच्या मध्यभागाच्या जरा पलीकडे, जमिनीत एक लाकडी फळी बसवलेली होती. एकदा अर्ज वाचून पाय दुखू लागले म्हणून मी तिच्यावर मांडी घालून बसलो.

"उठा," आप्पा म्हणाले. "तितं न्हाय."

त्यांच्या आवाजात त्या वेळी ना टोमणा होता ना थट्टा. मी उठलो. पुढे चार वर्षे मी उभ्यानेच वाचन केले.

यंदा प्रकरण निराळे उद्भवले. आप्पांना मूलबाळ नाही. पत्नी गंगाक्का सहा वर्षांपूर्वी वारल्या. घरात निम्मा हिस्सा त्यांच्या दिवंगत थोरल्या भावाचा, म्हणजे आता त्याचा मुलगा महेश याचा. महेश दुसऱ्याच्या शेडमध्ये पॉवरलूम चालवतो. स्वतःचे दोन पॉवरलूम बसवावेत, त्यासाठी त्या लांब खोलीच्या मधोमध भिंत घालून आपला निम्मा भाग मोकळा करून मिळावा, असा त्याने अर्ज केला. मागणी रास्त होती आणि मुलगा सालस होता. तो अर्ज अत्यंत मुद्देसूद होता, याचे कारण तो मीच लिहिला होता. हे येथे नमूद करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

आठवड्याने आप्पा माझ्या टेबलापुढे उभे राहिले. हातात त्याच अर्जाची प्रत.

"ह्ये तुमीच लिवलंय न्हवं?"

"व्यवसाय आहे, आप्पा. जो येईल त्याचे लिहावे लागते."

"ओरडत न्हाय मी. बरं लिवलंय. पोट बरोबर मदी आलंय, माझं ऐकून सुधारलाय." त्यांनी प्रत माझ्यापुढे ठेवली. "आता ह्येलाच फाडा. हरकत घ्या."

स्वतःच्याच अर्जाचे खंडन करण्याची वेळ अर्जलेखकावर क्वचित येते. मी दोन दिवस घेतले. मला एकच मुद्दा सापडला, पण तो बिनतोड होता. शीड अडतीस फुटांचे, खोलीचा निम्मा भाग तेवीस फुटांचा. भिंत घातल्यास शीड पसरता येणार नाही, आणि पसरता न आल्यास एक दुर्मिळ विद्या या जिल्ह्यातून नष्ट होईल. सबब विनंती की, इत्यादी. आप्पांनी ऐकले. अडतीस फुटांच्या ठिकाणी त्यांनी माझ्याकडे एकदा बघितले. 'आज्ञाधारक' मी लिहिलेच नव्हते.

पाहणीसाठी मोजणीचे साहेब स्वतः आले. ते कन्नड मिसळून मराठी बोलत आणि हसतमुख होते. दारातच आप्पांनी त्यांना डबा दाखवला.

"पेन, किल्ल्या, आन् ती पोलादी टेप."

"नोडरी, बघा की आप्पा," साहेब म्हणाले, "टेप नसली तर मोजू कसं?"

आप्पांनी खड्ड्यातून शिंप्याची कापडी फीत वर फेकली. साहेबांनी बूट काढले, फीत उचलली आणि आत आले. मागून मी, माझ्यामागून महेश, मान खाली घालून.

साहेबांनी माझा हरकतीचा अर्ज उघडला. "अडतीस फुटाचं शीड, बरं. आता मशीनवर काय आहे?"

"लहान नावंचं हाय. पोरं शिकत्यात तसल्या."

"किती फूट?"

"बारा."

"निम्म्या खोलीत बसतंय?"

मी खोकलो. खोकण्यात मी सूचना भरली होती, आणि इतर कोणाही अर्जदाराने ती ओळखली असती.

"बसतंय," आप्पा म्हणाले.

"अडतीस फुटाचं शेवटचं कधी शिवलं?"

"ह्ये रायटर पैल्यांदा आलते तवा. चार वरसं झाली. आता मोठी शिडं काँप्युटरवर कापत्यात, तयार येत्यात. माझ्याकडं बारकी येत्यात, न्हायतर दुरुस्तीची."

माझा बिनतोड मुद्दा माझ्या डोळ्यांदेखत तुटला. मी चार वर्षांपूर्वीचे शीड पाहून आजचा अर्ज लिहिला होता. विचारण्याची तसदी घेतली नव्हती.

"मग हरकत कशाची?" साहेबांनी विचारले.

"हरकत हाय."

"कारण?"

"हाय."

"ते सांगायला नको काय?"

"तुमी मोजायला आलाय न्हवं साहेब? मोजा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. माझा हात खिशाकडे गेला, पण पेन बाहेरच होते. साहेब फीत धरून निघाले आणि तेवीस फुटांवर खडूने रेघ ओढत आडवे गेले. फळी रेघेच्या पलीकडे पडत होती, महेशच्या भागात.

"इथं खाली काय आहे? पोकळ असेल तर भिंतीजवळ धोका. फळी काढा."

आप्पा हलले नाहीत. मशीनच्या चाकावर हात ठेवून बसून राहिले. शेवटी महेश पुढे झाला आणि त्याने फळी उचलली.

खाली दुसरा खड्डा होता. मागाचा. माग नव्हता, पण खड्डा त्या सकाळीच झाडल्यासारखा स्वच्छ होता. पायरीवर, बसायच्या जागी, घडी घातलेली वाकळ होती. खाली दोन पावड्या दोरीला तशाच टांगलेल्या होत्या, पायांच्या घासण्याने गुळगुळीत झालेल्या. आणि बाजूच्या खुंटीला हिरव्या रेशमाची एक लड होती, आता बोटाएवढी उरलेली.

"काकूचा ताणा हाय ह्यो," महेश म्हणाला.

साहेबांना समजले नाही, म्हणून त्यानेच सांगितले. विणकर मागावरचा ताणा कधी पूर्ण संपवत नाही. साडी कापून काढली तरी हातभर उभे धागे मागावर ठेवतो आणि पुढच्या ताण्याचा एकेक धागा त्यांना जोडून घेतो. माग रिकामा ठेवायचा नाही, अशी रीत आहे. गंगाक्कांनी शेवटची साडी उतरवली, पुढच्यासाठी धागे ठेवले आणि चार दिवसांत गेल्या. पुढे मागाचे लाकूड किडले, माग काढावा लागला. धागे आप्पांनी काढून ठेवले.

मला तीन हिरवे धागे आठवले. गोव्याला गेलेल्या, मुंबईला गेलेल्या, त्या पुण्याच्या बाईंच्या नावेवर गेलेल्या प्रत्येक शिडावरचे.

आप्पा बोलू लागले, आमच्याकडे न बघता.

"ती तितं बसायची, मी हितं. मदी ह्ये पांढरं कापड. दोघांची बी नुसती मुंडकी वर. ती म्हणायची, अवो, समुद्र असाच दिसतोय काय? मी म्हणायचो, एवढं शीड झालं की जाऊ." त्यांनी मशीनखालचे कापड नीट केले. "शिडामागनं शिडं आली."

मग त्यांनी मान वर केली, आणि आवाज पुन्हा नेहमीचा झाला. "मोजा की साहेब. थांबलायसा कशाला? हरकत लिवून दिलीया मी. फेटाळा न्हायतर मान्य करा, पर बिचाऱ्यावानी बघू नका माझ्याकडं."

महेशने खडू उचलला. फळीच्या पलीकडे जाऊन, आपल्याच भागात, त्याने दुसरी रेघ ओढली. "साहेब, भिंत हितं धरा."

साहेबांनी मोजले. "तीन फूट तुझे जातात. दोन पॉवरलूम बसायचे नाहीत."

"एक बशीवतो."

"ए," आप्पा खड्ड्यातून म्हणाले, "मी फुकट घेत न्हाय कुणाचं. म्होरची पडवी माझ्या वाट्याची हाय. ती घे. दुसरा तितं बशीव."

"पडवीत खडखडाट लई हुईल काका, तुमच्या दारातच."

"हुंदे. बायकांच्या साड्याच इणणार हायस न्हवं? ऐकीन मी."

दोघांच्या संमतीचा फॉर्म भरण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. दुसऱ्या दिवशी मी टेबलावर बसून तो सुवाच्य अक्षरात भरला. नावे, मापे, दिशा, सगळे. शेवटून दुसरा रकाना होता, 'मूळ हद्दीत बदल करण्याचे कारण'. तिथे माझे पेन थांबले. अशा रकान्यासाठीच जणू माझा जन्म आहे. चार ओळींत मी असे कारण लिहू शकलो असतो की साहेबांनी ते घरी नेऊन वाचून दाखवले असते. मी वडगावला जाऊन आप्पांना विचारले, काय लिहू?

"काय लिवू नका."

"रकाना रिकामा चालत नाही, आप्पा."

"न चालायला काय झालं? चालवा."

मी फॉर्म तसाच घेऊन खिडकीवर गेलो. कारकुनाने बोट ठेवले. "हे राहिलं."

"राहिलेले नाही," मी म्हणालो.

"कारण लिहा."

"कारण आहे. ते लिहावयाचे नाही. दोन्ही पक्षांच्या सह्या आहेत, मापे आहेत, साहेबांनी जागेवर पाहिले आहे. फॉर्म असाच दाखल करून घ्या."

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू कडुनिंबानेच खिडकीवर येऊन भाषण केले. बावीस वर्षांत त्या खिडकीवर मी 'कृपया' या शब्दाशिवाय एकही वाक्य बोललो नव्हतो. माझ्यामागे रांग होती. मी बाजूला झालो नाही. तो आत साहेबांकडे गेला आणि परत आला. त्याने शिक्का मारला.

प्रत घेऊन मी सरळ वडगावला गेलो. दारात सवयीने पेन डब्यात टाकू लागलो, तेव्हा आतून आवाज आला, "असू दे ते. टोपण घट्ट लावा म्हंजे झालं."

बारा फुटांचे ते शीड पुरे होत आले होते. मशीनपासून फळीच्या जागेपर्यंत ते पसरलेले, पलीकडे आप्पांचे मुंडके. दुसऱ्या खड्ड्यावरची फळी बाजूला काढून ठेवलेली होती.

"बसा तितं," आप्पा म्हणाले. "उभं ऱ्हाऊन वाचलं की आवाज डोक्यावरनं जातोय."

मी वाकळेवर बसलो आणि पाय खाली सोडले. पायांना पावड्या लागल्या, तेव्हा मी पाय जरा बाजूला घेतले. आता माझेही नुसते मुंडके कापडाच्या वर होते. मी वाचू लागलो. नावे वाचली, मापे वाचली, पूर्व-पश्चिम वाचले. आप्पा शिडाच्या पुढच्या कडेला हिरवा धागा ओवत होते. मग मी वाचले, "मूळ हद्दीत बदल करण्याचे कारण," आणि एक ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबलो.

आप्पांनी धाग्याला गाठ मारली.

"हं," ते म्हणाले. "म्होरं वाचा."